अकरा मिनिटांचं मूत्रपिंड

रात्रीचे दोन. सात रस्त्याजवळची खोली.
पंखा गरम हवा नुसती इकडची तिकडे करतोय
आणि मी बघतेय
अकरा मिनिटं चार सेकंदांचं एक मूत्रपिंड.
मागे पियानो.
सुई पहिल्याच फटक्यात आत,
पाणी काचेसारखं,
खडा शहाण्या मुलासारखा हात धरून बाहेर येतो.
साडेचार लाख लोकांनी बघितलंय.
सातव्या मिनिटाला चित्र जरासं उडतं.
मला वाटलं, नेट गेलं.

उद्या सकाळी अंबव्वा चिलका, राहणार विडी घरकुल.
हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत
सूप मांडीवरून खाली ठेवायचं नाही,
म्हणून पाणी प्यायचं नाही.
आणि नळाला तरी कुठं रोज पाणी येतंय.
तिच्या एक्स-रेत उजवीकडे
सांबराचं शिंग उगवलंय, फांद्यांसकट.
अंगठा उठवताना तिनं विचारलं,
तुम्ही केलाय का आधी असला खडा?
मी म्हटलं, हो.
बघितलाय, असं म्हणायला हवं होतं.

शिशाच्या एप्रनखाली घाम कण्यावरून उतरत होता.
सुई एकदा चुकली.
दोनदा.
तिसऱ्यांदा सिस्टर म्हमाणेंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.
चौथ्यांदा लागली. वाट मोठी केली, दुर्बीण आत घातली,
शिंगाचं पहिलं टोक फोडलं,
आणि पडदा गुलाबी झाला,
मग लाल,
मग नुसताच लाल.
मी डोक्यात व्हिडिओ मागे घेतला. सातवं मिनिट. पुढे काय होतं?
पुढे पियानो होता.

कलशेट्टी सरांनी मला खांद्यानं बाजूला सारलं नाही.
म्हणाले, दुर्बीण काढ.
नळी टाक. नळीला चिमटा लाव.
आता हात बांधून उभी राहा.
किती वेळ, सर?
रक्ताला विचार.

भूलतज्ज्ञ नुसते आकडे सांगत राहिले.
नव्वद. नव्वद. अठ्ठ्याऐंशी.
कुणीतरी बाहेर स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.
ब्याण्णव.
शंभर.
सर म्हणाले, आज एवढंच. उरलेला परवा काढू,
तो काय कुर्डुवाडीला पळून जातोय?

संध्याकाळी त्यांनी मला सगळं रेकॉर्डिंग दिलं,
दोन तास चाळीस मिनिटं.
टाक हे. कापू नको.
सर, सुई तीन वेळा…
तिथं बाण काढ. लिही, इथं चुकलं, का चुकलं.
मी रात्रभर त्या तीन जागांवर बोट ठेवून बसले.
पियानोसुद्धा शोधला. फुकट मिळतो.

अंबव्वाला विचारलं.
माझं तोंड दिसतंय का त्यात?
नाही, फक्त आतलं.
मग मला पण दाखव.
तिनं चष्मा लावला, लाल झालं तेव्हा चक्क पुढे वाकली.
नंतर ती जागा आली,
दुर्बीण बाजूला ठेवलेली, डोळा उघडाच,
पडद्यावर सतरा मिनिटं हिरवं कापड,
कडेला चिमट्याचं टोक,
आणि आवाज, नव्वद, नव्वद, अठ्ठ्याऐंशी.
तिनं जांभई दिली.
यात काहीच होईना की गं, म्हणाली.

महिना झाला. एकतीस जणांनी बघितलंय.
त्यात मी तीनदा, सर दोनदा,
अंबव्वाचा नातू एकदा, तोही चुकून.
बाकीचे सुईच्या दुसऱ्या चुकीलाच निघून जातात,
मी आलेख बघते ना, रेघ तिथंच कोसळते.

पण परवा रात्री पावणेतीनला कुणीतरी
ते हिरवं कापड
पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं,
मागे घेतलं, परत बघितलं.
पाच वेळा.
कुठल्या गावचं कोण, कळायला मार्ग नाही.
त्याच्या टेबलावर उद्या कोण आहे,
तेही नाही.